उच्च गणितासाठी कॅल्क्युलेटर: गणित भरण्याची पद्धत कशी निवडावी

कॅल्क्युलेटर घेताना त्यात फंक्शन्स किती आहेत हे आपण पाहतो, पण गणित कोणत्या क्रमाने भरावे लागते याचा विचार क्वचितच करतो. वास्तविक रीत समजलेली असूनही उत्तर चुकते, ते पुष्कळदा याच ठिकाणी.

आधी परीक्षेचा नियम पाहावा. गेट या अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेत स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही. तिथल्या पडद्यावरच्या कॅल्क्युलेटरवर साइन ३० काढायला आधी ३० आणि मग साइनचे बटण दाबावे लागते. या उलट क्रमाचा सराव आधीपासूनच हवा.

घरच्या अभ्यासासाठी बहुतेकांना पुस्तकी मांडणीची पद्धत सोयीची पडते. कॅसिओ एफएक्स-९९१ईएससारख्या यंत्रावर अपूर्णांक, वर्गमूळ आणि इंटिग्रलच्या मर्यादा वहीत लिहाव्यात तशाच दिसतात, त्यामुळे भरलेले गणित वहीशी ताडून पाहता येते. मात्र मूळ किंवा छेद भरून झाल्यावर उजवा बाण दाबून बाहेर यावे, नाहीतर पुढची बेरीजही मुळाच्या आतच जाते. −३ चा वर्ग हवा असेल तर कंस घालावाच. कंसाविना उत्तर −९ येते.

न्यूटनच्या पद्धतीसारख्या, म्हणजे अंदाजी उत्तर पुन्हा पुन्हा सुधारत नेण्याच्या, गणितात इथले ‘Ans’ बटण, म्हणजे मागचे उत्तर पुन्हा वापरण्याची सोय, फार मोलाची आहे. २ चे वर्गमूळ काढताना १ पासून सुरुवात करून (Ans + २/Ans)/२ हे सूत्र एकदाच भरावे आणि बरोबरचे चिन्ह दाबत राहावे: ३/२, १७/१२, ५७७/४०८ आणि मग १.४१४२१३५६२.

दुसरी पद्धत आरपीएन, म्हणजे उलट पोलिश लेखन. एचपीने १९७२ साली एचपी-३५ या खिशात मावणाऱ्या यंत्रात ती आणली. हीत आधी संख्या आणि मग क्रिया येते. (३+५)×(७−२) साठी ३, एंटर, ५, +, ७, एंटर, २, −, × अशी नऊ बटणे पुरतात, तर कंसांसह सरळ भरताना बारा लागतात. प्रत्येक टप्प्याचे उत्तर समोर दिसत असल्याने लांबलचक आकडेमोडीसाठी मला हीच पद्धत अधिक विश्वासाची वाटते. जुन्या एचपी यंत्रांत मात्र एका वेळी चारच संख्या साठतात, म्हणून सर्वांत आतल्या कंसापासून सुरुवात करावी.

निर्णय घेण्यापूर्वी स्वतःच्या वहीतली दहा गणिते दोन्ही पद्धतींनी सोडवून पाहावीत. चुका कंस विसरल्याने होत असतील तर आरपीएन शिकावे. भरलेले गणित पुन्हा तपासता न आल्याने होत असतील तर पुस्तकी मांडणीच घ्यावी.