बहुस्तरीय फिल्म आणि धाग्याच्या उत्पादनात डायच्या ओठांवर साचणारा थर कसा कमी करावा

खाद्यतेलाच्या पाऊचसाठी पाच थरांची ब्लोन फिल्म (वितळलेले प्लास्टिक हवेने नळीसारखे फुगवून बनवलेली) चालू असताना डायच्या, म्हणजे प्लास्टिक बाहेर पडते त्या साच्याच्या, ओठांवर आधी फिकट, मेणासारखी मऊ कड दिसू लागते. काही तासांत ती तपकिरी आणि मग काळी व टणक होते. ती बबलला (फुगवलेल्या नळीला) घासू लागली की फिल्मवर लांबीच्या दिशेने बारीक रेघ उमटते, आणि तिचा कण सुटून फिल्ममध्ये गेला की काळा ठिपका किंवा थेट भोक पडते. शिफ्टमध्ये याला ‘कार्बन येतोय’ असे म्हणतात आणि यंत्राच्या सगळ्या झोनचे (तापवणाऱ्या भागांचे) तापमान उतरवले जाते. मात्र जे शेवटी कार्बन झाले, ते सुरुवातीला काय होते आणि कोणत्या थरातून आले, हे आधी पाहिले पाहिजे.

पाच थरांपैकी ओठांच्या धातूला फक्त दोन्ही बाहेरचे थर लागतात, त्यामुळे शोध तिथूनच सुरू करावा. मधला नायलॉन ओला असेल तर फिल्ममध्ये बुडबुडे येतील. परंतु ओठांवरच्या थरासाठी त्याला दोष देऊन त्याचा ड्रायर तपासत बसणे म्हणजे वेळ घालवणे होय. पितळी पट्टीने थोडा थर खरवडून घ्यावा. तो मऊ आणि तेलकट असेल तर बहुधा पॉलिमरमधील कमी रेणुभाराचा अंश किंवा स्लिपसारखे (फिल्म घसरती ठेवणारे) अ‍ॅडिटिव्ह बाहेर पडत आहे. खडूसारखा पांढरा असेल तर अँटिब्लॉक (फिल्मचे पदर चिकटू न देणारी भुकटी), फिलर किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवर संशय घ्यावा. आणि गरम तव्यावरही जो वितळत नाही, तो जळालेला किंवा क्रॉसलिंक झालेला (रेणू एकमेकांना जोडले गेलेला) माल समजावा.

यावरून उपाय ठरतो. रीग्राइंड (दळून परत वापरलेला माल) आणि फिलर शक्य तितके मधल्या थरात न्यावेत. पावसाळ्यात उघड्या पोत्यातला फिलरयुक्त मास्टरबॅच (पूरक घटक दाट मिसळलेले दाणे) ओलावा धरतो, म्हणून बाहेरच्या थरात जाणारा मास्टरबॅच वाळवूनच वापरावा. बाहेरच्या थराचा मेल्ट (वितळलेला माल) गरजेपेक्षा गरम ठेवू नये, पण डायचे ओठ थंड करण्याचा मोहही टाळावा. थंड ओठांपाशी भिंतीवरचा ताण वाढतो, बाहेर पडताना मेल्ट अधिक फुगतो आणि ओठांच्या कडेला पुसला जातो. एलएलडीपीई या पॉलिथिलीनमध्ये हा ताण सुमारे ०.१४ मेगापास्कलच्या वर गेला की फिल्मचा पृष्ठभागही खरखरीत होऊ लागतो. अशा वेळी लाइनचा वेग घटवण्याआधी डाय गॅप (ओठांमधली फट) तपासावा, एलएलडीपीईसाठी १.५ ते २.५ मिमी गॅप सर्रास वापरला जातो.

प्रोसेसिंग एड (धातूवर लेप बसवून मेल्ट सहज सरकू देणारा घटक) हा उपाय प्रभावी आहे, मात्र तो सगळ्या थरांत घालणे ही निव्वळ उधळपट्टी आहे. २ टक्के सक्रिय घटक असलेला मास्टरबॅच फक्त बाहेरच्या थरांत २.५ टक्के घातला, तर तिथे ५०० पीपीएम (दहा लाखांत ५०० भाग) मात्रा मिळते. हे दोन थर मिळून फिल्मच्या ४० टक्के असतील तर एकूण फिल्ममध्ये ती केवळ २०० पीपीएम भरते. धातूवर त्याचा लेप बसायला बराच वेळ लागतो, त्यामुळे दहा मिनिटांत निकाल मागू नये. अँटिब्लॉकचे कण हा घटक स्वतःवर ओढून घेतात, म्हणून दोन्ही एकाच थरात असतील तर मात्रा वाढवावी लागते. युरोपात जाणाऱ्या अन्नपाकिटांवर १२ ऑगस्ट २०२६ पासून पीफास (फ्लोरीनयुक्त) रसायनांची मर्यादा लागू होते; तो माल बनवताना फ्लोरोपॉलिमरऐवजी फ्लोरीनमुक्त एडची चाचणी घ्यावी.

ओठ साफ करताना पोलादी ब्लेड कधीही लावू नये. एक ओरखडा पडला की पुढचा थर नेमका त्याच जागी धरतो आणि मग त्याच ठिकाणी रोज रेघ येत राहते. पितळ किंवा तांब्याची पट्टीच वापरावी. ईव्हीओएच (वायू अडवणारे, उष्णतेने बिघडणारे पॉलिमर) चालवल्यानंतर लाइन तशीच गरम सोडू नये. कमी एमएफआयच्या (वितळल्यावर घट्ट वाहणाऱ्या) एलडीपीई या पॉलिथिलीनने पर्ज करून (आतला माल ढकलून काढून) मगच ती बंद करावी.

धाग्यालाही हाच नियम लागू होतो. शीथ-कोअर (गाभ्यावर वेष्टण असलेल्या) धाग्यात स्पिनरेटच्या (धागे काढणाऱ्या छिद्रांच्या चकतीच्या) तोंडाला शीथचे पॉलिमर लागते, साइड-बाय-साइड धाग्यात मात्र दोन्ही लागतात. पॉलिएस्टर ५० पीपीएमपेक्षा कमी ओलाव्यापर्यंत वाळवावे. त्यातील अँटिमनी उत्प्रेरकाचे अवशेष छिद्राभोवती कडे करून बसतात, आणि नायलॉन ६ मधून मोनोमरची वाफ निघत असल्याने स्पिनरेटखालचे सक्शन नीट चालू असावे लागते. छिद्रातून सरळ खाली येणारा फिलामेंट एका बाजूला गुडघ्यासारखा वाकलेला दिसला की तिथे कडे जमले आहे असे समजावे. तो तुटण्याची वाट न पाहता स्पिनरेट पुसावा, सिलिकॉनचा हलका फवारा द्यावा आणि दोन पुसण्यांमधले तास नोंदवहीत लिहावेत. हे अंतर कमी होत चालले, तर पुन्हा शीथच्या वाळवणीकडे आणि मेल्टच्या तापमानाकडे वळावे.