हाताचा ब्लॉक: सोनोग्राफी असूनही होणाऱ्या या चुका टाळा

“सर, सोनोग्राफीवर तर सगळं दिसत होतं, मग ब्लॉक फेल कसा गेला?” रेसिडेंटांची नवीन बॅच आली की महिन्याभरात हा प्रश्न येतोच. ब्लॉक म्हणजे नर्व्हजवळ सुईने औषध सोडून फक्त हात बधिर करणं.

मी मुंग्यांच्या जमान्यात शिकलो, म्हणजे सुई नर्व्हला लागून हाताला मुंग्या आल्या की जागा सापडली. पेशंट म्हणायचा, “डॉक्टर, अंगठ्यात करंट आला,” की आम्ही खूश. कुलेनकाम्फने १९११ साली हा कॉलरबोनवरचा ब्लॉक आधी स्वतःवर करून पाहिला, तोही मुंग्यांच्याच भरवशावर. मग नर्व्ह स्टिम्युलेटर आला, सुईतून बारीक करंट देऊन स्नायू उडवणारं यंत्र. १९९४ मध्ये व्हिएन्नातल्या मंडळींनी याच कॉलरबोनवरच्या, म्हणजे सुप्राक्लॅविक्युलर, ब्लॉकमध्ये सुई सोनोग्राफीवर पाहत नेली. मी तिन्ही पद्धती वापरल्या आहेत. सोनोग्राफीने औषध कमी लागतं, हात लवकर बधिर होतो, रक्तवाहिनीत सुई कमी वेळा जाते. एवढं मान्य. कायमची नर्व्ह इजा तिने कमी होते, हे मात्र अजून कुणाला ठामपणे सिद्ध करता आलेलं नाही.

सुई दिसते, टोक दिसत नाही

माझ्या डोक्यात जाणारी चूक ही. बाइकवरून पडलेला एक काटकुळा मुलगा, कोपराखालची दोन्ही हाडं मोडलेली. रेसिडेंटने प्रोब (सोनोग्राफीचा अंगावर टेकवायचा भाग) लावला. चित्र सुंदर होतं: धमनीचा काळा गोल, शेजारी नर्व्हचा, द्राक्षांसारखा घड, खाली पहिल्या बरगडीची पांढरी रेघ, बाजूला सरकणारा प्लुरा, म्हणजे फुप्फुसाचं आवरण. “सुई दिसतेय सर,” म्हणाला आणि ढकलली. दिसत होती ती सुईची मधली दांडी. टोक प्रोबच्या पट्ट्यातून केव्हाच बाहेर गेलं होतं. मुलगा खोकला. मी त्याचं मनगट धरून सुई मागे घेतली, पण उशीर झाला होता. संध्याकाळच्या एक्स-रेत फुप्फुसाच्या वरच्या टोकाशी हवेची बारीक पट्टी. नळी टाकावी लागली नाही, ऑक्सिजनवर भागलं. पण तो मुलगा दोन दिवस मलाच विचारत होता, “मोडलाय हात, मग छातीचे फोटो कशाला काढताय?”

तेव्हापासून माझ्या ऑपरेशन थिएटरात एक सवय आहे. मी विचारतो, “टोक?” समोरून “दिसतंय” आलं तरच सुई हलते. नाही दिसलं तर हात थांबवायचा आणि एका वेळी एकच गोष्ट हलवायची, प्रोब किंवा सुई. दोन्ही एकदम हलवणारे अंधारात चावी शोधतात. तरी शंका असेल तर अर्धा मिली सलाईन सोडायचं, काळा ठिपका उमटतो तिथे टोक. (स्टिम्युलेटरही जोडला असेल तर सलाईनऐवजी ५ टक्के डेक्स्ट्रोज वापरा, सलाईनने स्नायूची उडी मरते.) आणि सराव घरी पनीरच्या लादीवर करा. पेशंटच्या मानेवर नको.

करंगळी विसरणं

सुप्राक्लॅविक्युलरमध्ये वरवर २० मिली सोडलं की घड तरंगताना दिसतो आणि पोरं हातमोजे काढतात. अल्नरला (करंगळीकडच्या नर्व्हला) जाणारे तंतू खाली, धमनी आणि पहिली बरगडी यांच्या कोपऱ्यात बसलेले असतात. तिथे औषध पोचलं नाही तर करंगळीची बाजू जागी राहते, आणि सर्जन नेमका तिथेच चिरतो. मी आधी कोपऱ्यात सोडतो, मग वर येतो.

त्याहून वाईट म्हणजे पाचव्या मिनिटाला टाचणी टोचून “लागतंय का?” विचारणं. वीस ते तीस मिनिटं द्या हो! तपासायचं कसं, तर ढकल, ओढ, चिमटा, चिमटा, चार नर्व्हसाठी चार खुणा. कोपर सरळ करून ढकलायला लावा (रेडियल), वाकवून ओढायला लावा (मस्क्युलोक्युटेनियस), मग तर्जनीच्या बुडाशी चिमटा (मीडियन), करंगळीला चिमटा (अल्नर). सर्जन घड्याळ बघतोय म्हणून यातलं काही गाळू नका. त्याला चहा पाजा.

स्टिम्युलेटरला जुनाट म्हणणं

छोट्या गावातल्या चार नर्सिंग होममध्ये फिरणारा भूलतज्ज्ञ सोनोग्राफी मशीन डिकीत टाकून नेऊ शकत नाही. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या, कायद्याने मशीन नोंदलेल्या जागेशी बांधलेलं आहे. स्टिम्युलेटर बॅगेत बसतो, म्हणून तो यायलाच हवा.

त्याच्याही खोड्या आहेत. सुईला निगेटिव्ह वायर जोडायची. उलटी जोडून मशीनला शिव्या देणारे मी पाहिलेत. १ मिलीअँपिअरने सुरू करून ०.५ ते ०.३ वर स्नायूची उडी टिकली की औषध. ०.२ च्या खालीही हात उडत असेल तर सुई नर्व्हच्या आत असू शकते, मागे घ्या. उलट, उडी नाही म्हणजे सुई लांब आहे असंही नाही. २००६ च्या एका अभ्यासात सुई नर्व्हला टेकलेली सोनोग्राफीवर दिसत असूनही साधारण चारातल्या एका वेळी स्नायू हलला नव्हता. मोडलेल्या हाताला प्रत्येक उडी दुखते, तेव्हा करंट वाढवत बसू नका.

बाकीच्या, पटकन

प्रोब दाबून धरला की शिरा चपट्या होऊन पडद्यावरून गायब होतात आणि औषध शिरेत जातं.

दम्याने किंवा सीओपीडीने (फुप्फुसाच्या जुनाट आजाराने) आधीच धापणाऱ्याला इंटरस्केलिन, म्हणजे मानेतला ब्लॉक, नको. २० मिली दिलं की त्या बाजूचं डायफ्रॅम (श्वासाचा पडदा) जवळजवळ हमखास बंद पडतं.

काखेतल्या ब्लॉकमध्ये मस्क्युलोक्युटेनियस नर्व्ह वेगळी गाठावी लागते.

बुपिव्हॅकेन आणि लिग्नोकेन ही दोन बधिर करणारी औषधं मिसळली म्हणून दोघांची कमाल मात्रा वेगवेगळी मोजायची नसते, विषारीपणाची बेरीज होते.

आणि २० टक्के लिपिड इमल्शन, म्हणजे या औषधांची विषबाधा झाली तर द्यायचा उतारा, कुठे आहे, ते सुई हातात घेण्याआधी बघा. एका ठिकाणी ते कपाटात होतं, कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली घेऊन सिस्टर जेवायला गेल्या होत्या. पहिला डोस किलोमागे १.५ मिली, म्हणजे ७० किलोच्या माणसाला शंभरेक मिली, दोन-तीन मिनिटांत द्यायचा. मी आता बाटली ट्रॉलीवर, माझ्या डोळ्यांसमोर ठेवायला लावतो.