टेबलटॉप रोलप्लेइंग खेळात प्रसंग कसा रचावा आणि कसा मांडावा

या खेळात एक जण गोष्ट चालवतो आणि बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने काय करायचं ते सांगतात. हा लेख गोष्ट चालवणाऱ्यासाठी. समजा, पुलावर ओगर, म्हणजे एक धिप्पाड राक्षस, उभा आहे. खेळाडू येतात, इनिशिएटिव्हचे, म्हणजे पाळीचा क्रम ठरवणारे, फासे पडतात, तीन-चार राउंडमध्ये (एका राउंडमध्ये प्रत्येकाची एक पाळी) ओगर मरतो. नियमांत काहीच चुकलेलं नसतं, तरी निम्मी मंडळी मोबाइल चाळत असतात, कारण ठरवण्यासारखं त्यांच्या वाट्याला काही आलेलंच नसतं. म्हणून राक्षस निवडण्याआधी वहीत एक प्रश्न लिहा: इथे खेळाडूंना कशाकशातून निवड करायची आहे?

हाच ओगर घेऊन प्रसंग उभा करू. चार पात्रं, सगळी तिसऱ्या लेव्हलची (लेव्हल म्हणजे पात्राच्या ताकदीची पायरी). नियम डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे, २०१४ चे.

१. कोणाला काय हवंय ते ठरवा

ओगरला पुलावरून जाणाऱ्या प्रत्येकाकडून एक जनावर हवंय. त्याने तीन गॉब्लिन, म्हणजे ठेंगणे राक्षस, धाकात ठेवलेत, त्यांना सुटका हवीय. खेळाडूंना अंधार पडायच्या आत पलीकडे पोहोचायचंय. एवढ्यावरच चार वाटा उघडतात: आपलं खेचर देऊन टाकायचं, ओगरशी घासाघीस करायची, गॉब्लिनांना फितवायचं किंवा लढायचं. पाचवी वाट खेळाडू स्वतः काढतील. ती अडवू नका.

२. आकडे तपासा

तिसऱ्या लेव्हलच्या प्रत्येक पात्रामागे मध्यम प्रसंगाचे १५०, अवघडचे २२५ आणि प्राणघातकचे ४०० एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, धरतात. चौघांचे झाले ६००, ९०० आणि १६००. ओगर ४५० चा, म्हणजे एकटा असेल तर सोपा. त्याचे हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, ५९ असले तरी त्याच्या एका पाळीला समोरून चार पाळ्या येतात, आणि तो तिथेच हरतो. प्रत्येकी ५० चे तीन गॉब्लिन जोडले की बेरीज ६००. शत्रू तीन ते सहा असले की बेरजेला दोनने गुणायचं: १२००, म्हणजे अवघड. हा गुणाकार फक्त अंदाजासाठी असतो. खेळाडूंना मिळणारे एक्सपी ६०० च.

हे गणित ताज्यातवान्या पात्रांचं आहे. दिवसातली तिसरी लढाई असेल आणि मंत्र संपत आले असतील, तर एक गॉब्लिन कमी करा. ओगरच्या सोट्याचा फटका सरासरी १३ चा बसतो. या लेव्हलचा जादूगार दोन फटक्यांत आडवा होतो.

३. जागा आखा

एक चौकोन ५ फुटांचा, आणि बहुतेक पात्रं एका पाळीत ३० फूट, म्हणजे ६ चौकोन चालतात. नकाशा तेवढाच असेल तर पहिल्याच राउंडला सगळे एकमेकांना भिडतात आणि पुढे कोणी जागचं हलत नाही. म्हणून ओगर पुलाच्या अलीकडे ठेवा आणि गॉब्लिन ६० फुटांवर, पलीकडच्या खडकांमागे. अर्ध्या आडोशाचे २ मिळून त्यांचा आर्मर क्लास (त्यांना वार लागण्यासाठी गाठायचा आकडा) १५ चा १७ होतो, आणि त्यांचं छोटं धनुष्य ८० फुटांपर्यंत बिनअडचण चालतं. पुलाच्या सडक्या फळ्यांवर प्रत्येक फुटाला दोन फूट चाल खर्च होते. दरी ३० फूट खोल ठेवली तर पडणाऱ्याला सहा बाजूंच्या तीन फाशांएवढी इजा होते: जिव्हारी लागते, पण धडधाकट पात्र सहसा वाचतं. वापरता येण्याजोग्या अशा दोन-तीन गोष्टी पुरेत; सात-आठ ठेवल्या तर एकही लक्षात राहत नाही.

४. प्रसंग मांडा

सगळी मेहनत इथे फळते किंवा वाया जाते. वर्णन पाच-सहा छोट्या वाक्यांत बसवा. आधी जागा, मग आवाज आणि वास, आणि धोका सगळ्यात शेवटी. ओगरचं वर्णन आधी केलंत तर पुलाबद्दलचं एकही वाक्य कोणाच्या कानात शिरणार नाही. प्रत्येक जण मनातल्या मनात तलवार उपसून बसलेला असेल.

“दरीवर दोरांचा पूल आहे, साठेक फूट लांब. मधल्या काही फळ्या गायब आहेत. खालून पाण्याचा धो-धो आवाज येतोय आणि वाऱ्यावर कुजक्या मांसाचा भपकारा. पलीकडच्या खडकांमागे काहीतरी हललं. पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी दोन पुरुष उंचीचं एक धूड हाड चघळत बसलंय, आणि त्याची नजर तुमच्या खेचरावर आहे. काय करताय?”

इथे थांबा. पुढचं वाक्य खेळाडूंचं. अंतर सांगितलंय, निवड करायला लागणाऱ्या खुणा दिल्यात, आणि “तुम्हाला भीती वाटते” असं कुठेही म्हटलेलं नाही. पात्राला काय वाटतं हे खेळाडूनेच सांगायचं. ‘ओगर’ हे नावही पात्रांना ओळख पटेपर्यंत राखून ठेवा.

ज्या माहितीवाचून गोष्ट अडेल ती फाशांच्या हवाली करू नका. खडकांमागची हालचाल सगळ्यांना दिसू द्या. तिथे नेमके तीन जण आहेत, हे चांगला फासा पडलेल्याला सांगा.

शत्रू कसा वागेल ते ठरत नसेल तर याच खेळाच्या जुन्या ‘बेसिक’ आवृत्तीच्या नियमांतली प्रतिक्रियेची रीत वापरा: सहा बाजूंचे दोन फासे टाका. २ आले तर थेट हल्ला, १२ आले तर दोस्ती, ६ ते ८ म्हणजे शत्रू घुटमळतोय. ३६ पैकी १६ वेळा हा मधला निकाल येतो, आणि बोलणी तिथेच सुरू होतात.

५. लढाई जुंपल्यावर

मोठा धोका एक राउंड आधी दाखवा. “एक गॉब्लिन दोरावर घाव घालतोय, दोर अर्धा तुटलाय” असं ऐकलं की पुलावरच्या पात्राला धावायचं की लोंबकळायचं हे ठरवता येतं. दोर अचानक तुटला तर ती नुसती शिक्षा वाटते.

ओगरचे निम्मे हिट पॉइंट गेले की तो सौदा करू पाहील; तो पडला की गॉब्लिन पळतील किंवा शस्त्रं टाकतील. निकाल स्पष्ट दिसत असताना उरलेले हिट पॉइंट मोजत बसू नका, लढाई तिथेच संपवा. पळालेला गॉब्लिन कोणत्या दिशेला गेला आणि त्याने काय पाहिलं, ते लगेच वहीत टिपा. पुढच्या मुक्कामावर कोणाला या खेळाडूंची चाहूल आधीच लागलेली असेल, ते त्यावरून ठरेल.