मटण रात्री नऊला, अंगावर गांधी रात्री एकला: गोचीड चावल्यामुळे होणारी मांसाची अॅलर्जी कशी ओळखावी

रविवारी रात्री नऊला काळ्या मसाल्याचे मटण जेवून निजलेल्या माणसाला एक-दीडच्या सुमारास तळहातांना खाज सुटून जाग आली, पाठोपाठ अंगभर गांधी उठल्या आणि पोटात मुरडा आला, तर नाशिककडच्या अनेक घरांत ‘पित्त उठले’ म्हणून आमसुलाचा कोळ अंगाला चोळला जाईल आणि दोष दुपारच्या उन्हाला दिला जाईल. मटणावर संशय येत नाही, कारण ते खाऊन चार तास उलटलेले असतात आणि तो माणूस लहानपणापासून ते निर्धास्तपणे खात आलेला असतो. असे दोन-तीनदा घडले असेल, तर शोध गोचिडापासून सुरू करावा.

अल्फा-गॅल नावाची एक साखर बहुतेक सस्तन प्राण्यांच्या शरीरात असते, माणसाच्या शरीरात मात्र नसते. काही जातींच्या गोचिडांच्या लाळेतही ती असते. चाव्यावाटे ती त्वचेत शिरली की काहींच्या शरीरात तिच्याविरुद्ध आयजीई ही अॅलर्जी घडवणारी प्रतिपिंडे तयार होतात, आणि काही आठवड्यांनी तीच साखर मटणातून पोटात गेली की शरीर उसळते. या आजाराचा माग एका औषधामुळे लागला. सेटुक्सिमॅब या कर्करोगावरील इंजेक्शनात हीच साखर असते; त्याच्या पहिल्याच मात्रेला अमेरिकेच्या आग्नेय भागातील काही रुग्णांना तीव्र अॅलर्जी होत असे, आणि त्यांच्या रक्तात अल्फा-गॅलविरोधी प्रतिपिंडे आधीपासूनच असल्याचे २००८ मध्ये दिसून आले. अॅलर्जीतज्ज्ञ थॉमस प्लॅट्स-मिल्स यांनी अमेरिकेत आणि शेरिल व्हॅन न्यूनेन यांनी ऑस्ट्रेलियात गोचिडाशी असलेला धागा जुळवला. अमेरिकेत २०१० ते २०२२ या काळात १,१०,००० हून अधिक संशयित रुग्ण आढळले.

निदानाची पहिली पायरी म्हणजे साधी वही. त्रास झाला त्या दिवशी काय खाल्ले, किती वाजता खाल्ले आणि पहिली खाज किती वाजता सुटली, हे मिनिटांनिशी नसले तरी तासांनिशी लिहावे. या आजारात हे अंतर साधारणपणे दोन ते सहा तासांचे असते. चरबीसोबत ही साखर रक्तात उतरायला वेळ लागतो, असे त्याचे कारण मानले जाते. मटण चरबीचे होते की बिनचरबीचे, गुरदा खाल्ला होता का, सोबत मद्य घेतले होते का, त्या दिवशी अंगमेहनत झाली होती का, अॅस्पिरिनसारखी वेदनाशामक गोळी घेतली होती का, हेही टिपावे. या गोष्टींनी त्रास वाढतो, आणि म्हणूनच एका रविवारी काही होत नाही व पुढच्या रविवारी धावपळ उडते. काही रुग्णांना पुरळ अजिबात उठत नाही. फक्त मध्यरात्री पोटदुखी, उलट्या किंवा जुलाब होतात, आणि ही माणसे वर्षानुवर्षे ॲसिडिटीची औषधे घेत राहतात.

त्याच वहीत मागील काही महिन्यांतील चावे आठवून लिहावेत. पेठ-सुरगाण्याचे रान, अंजनेरी किंवा हरिहरची चढण, इगतपुरीकडे डांगी गुरांचा गोठा, घरची शेळी, इतकेच काय अंगणातला कुत्रासुद्धा यात येतो. गोचिडाची पिल्ले खसखशीच्या दाण्याएवढी असल्याने चावा लक्षात येत नाही. पण एखादी जागा कित्येक आठवडे खाजत राहिली असेल, तर ती नोंद मोलाची असते.

ही वही घेऊन अॅलर्जीतज्ज्ञांकडे जावे आणि अल्फा-गॅल आयजीई या रक्ततपासणीविषयी विचारावे. ती प्रत्येक प्रयोगशाळेत होत नाही, म्हणून आधी चौकशी करावी. गोचीड चावलेल्या अनेकांच्या रक्तात ही प्रतिपिंडे असूनही त्यांना मटण पचते, त्यामुळे केवळ अहवालावरून कोणी मटण सोडू नये. अहवाल आणि वही जुळली तरच निदान पक्के होते. घरी मुद्दाम मटण खाऊन खात्री करून घेण्याचा प्रयोग मात्र कधीही करू नये.

श्वास अडकणे, घसा किंवा जीभ सुजणे, चक्कर येऊन रक्तदाब उतरणे यांपैकी काहीही झाले तर वेळ न दवडता १०८ वर फोन करावा, रुग्णाला आडवे निजवून पाय उंच ठेवावेत आणि दम लागत असेल तर बसू द्यावे. अशा वेळी मांडीत दिले जाणारे अॅड्रेनालीनचे इंजेक्शनच जीव वाचवते. अॅलर्जीच्या गोळीवर विसंबू नये.

निदान झाल्यावर शेळी-मेंढी, गाय-म्हैस, डुक्कर आणि ससा यांचे मांस बंद करावे. कोंबडी, मासे आणि अंडी चालतात. खरी अडचण खानावळीत येते, कारण चिकनच्या ताटात मटणाच्या पातेल्यातला रस्सा ओतला जातो. तो वेगळा शिजतो का, हे संकोच न करता विचारावे. दूध-तूप बहुतेकांना सोसते, म्हणून ते उगाच तोडू नये. मटण सोडूनही त्रास राहिला, तरच डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद करून पाहावे. जिलेटिनच्या कॅप्सूल आणि डुकरापासून मिळणारे, रक्त गोठू न देणारे हेपॅरिन हे औषध यांबद्दल डॉक्टरांना आधीच सांगावे. सर्पदंशावरील प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून बनते, तेव्हा तेथेही अॅलर्जीची कल्पना द्यावी, परंतु ते घेण्यास नकार देऊ नये किंवा उशीर करू नये.

यापुढचा प्रत्येक चावा प्रतिपिंडे पुन्हा वाढवू शकतो. रानात जाताना पायमोजे विजारीवर ओढावेत आणि घरी आल्यावर काखा, जांघा, गुडघ्यांमागची जागा व कानामागची कातडी तपासावी. चिकटलेल्या गोचिडावर रॉकेल टाकणे किंवा विडीचा चटका देणे हे घरगुती उपाय टाळावेत. बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत पकडून, न पिळता, त्याला सरळ वर ओढावे आणि जागा साबणाने धुऊन तारीख वहीत लिहावी. नवा चावा झाला नाही, तर काहींची प्रतिपिंडे काही वर्षांत उतरतात. तेव्हा पुन्हा तपासणी करून मटणाचा पहिला तुकडा अॅलर्जीतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच खाऊन पाहावा.