वॉर्डात पेशंटजवळ थांबताय? मग हात आणि लघवीची नळी सांभाळा

जनरल वॉर्डात निम्मी सेवा नातेवाईकच करतात. पाणी पाजणं, अंग पुसणं, भांडं देणं, कूस बदलणं, सगळं. त्याच हातांनी शेजारच्या कॉटवरच्या आजोबांनाही उठून बसवलं जातं. माणुसकी म्हणून ठीकच, पण जंतू या कॉटवरून त्या कॉटवर जातात ते बहुतेक हातांवरूनच. मदत जरूर करा, मात्र मध्ये हात स्वच्छ करा.

सॅनिटायझर तळहातभर घ्या आणि 20 ते 30 सेकंद, हात कोरडे होईपर्यंत चोळा. साबण लावलात तर पूर्ण धुण्याला 40 ते 60 सेकंद लागतात. अंगठे आणि बोटांची टोकं हमखास राहून जातात. अंगठी आणि बांगड्यांखालीही मळ साठतो, त्या घरीच ठेवा. धुतलेले हात पदराला किंवा पँटला पुसले की धुणं वाया गेलं. हात मळलेले दिसत असतील किंवा पेशंटला जुलाब होत असतील तर साबण-पाणीच हवं. जुलाबाच्या काही जंतूंवर सॅनिटायझर चालत नाही.

खरा घोळ होतो लघवीच्या पिशवीत. पिशवी कायम मूत्राशयाच्या खालच्या पातळीला, कॉटच्या न हलणाऱ्या दांडीला अडकवा. जमिनीला टेकू देऊ नका. एक्स-रेला नेताना स्ट्रेचरवर पिशवी पेशंटच्या पोटावर ठेवतात, तेव्हा साचलेली लघवी उलटी आत जाते. निघण्याआधी पिशवी रिकामी करून घ्या. ते काम तुमच्याकडे असेल तर सिस्टरांकडून एकदा शिकून घ्या: हात धुवायचे, ग्लोव्हज घालायचे, याच पेशंटचं वेगळं भांडं घ्यायचं, पिशवीची तोटी भांड्याला टेकवायची नाही, तोटी बंद करून ग्लोव्हज काढून पुन्हा हात धुवायचे. पिशवी दोन-तृतीयांश भरली की थांबू नका. नळी आणि पिशवीचा जोड मात्र कधीच उघडू नका. नळी जितके दिवस राहील तितका संसर्गाचा धोका वाढतो, म्हणून रोज राउंडला विचारा, "डॉक्टर, नळी आज काढता येईल का?"

सलाईनच्या सुईपाशी लाली, सूज, दुखणं किंवा ओली झालेली पट्टी दिसली तर लगेच सांगा.

डॉक्टरांना "हात धुतले का?" विचारायला जीभ रेटत नाही, ते साहजिक आहे. सॅनिटायझरची बाटली कॉटच्या पायथ्याशी ठेवा आणि आल्या आल्या "सर, हे इथे आहे" म्हणा. कुणी रागावत नाही, आणि रागावलं तरी बिघडत नाही.

भेटायला येणाऱ्यांना आवरणं त्याहून अवघड. सर्दी-खोकला, ताप, जुलाब असलेल्यांना फोनवरच थांबवा. एका वेळी दोघंच, आणि कॉटवर बसणं नाही. "नाही आलो तर वाईट दिसेल" म्हणणाऱ्यांना डॉक्टरांचं नाव सांगा, ते आपोआप ऐकतात.

ऑपरेशन ठरलं असेल तर घरी रेझरने केस काढू नका. बारीक जखमांतून जंतू शिरतात. गरज असेल तर हॉस्पिटलात क्लिपरने काढतील. आदल्या रात्री किंवा त्या दिवशी साबणाने आंघोळ करा. विडी-तंबाखू निदान 4 आठवडे आधी सोडा, जखम भरायला त्याचा फरक पडतो. जखमेवर हळद, तेल, अंगारा काही लावू नका.

घरी जाताना अँटिबायोटिकचं नाव, वेळा आणि दिवस लिहून घ्या. ताप उतरला म्हणून मनाने बंद करू नका, उरलेल्या गोळ्या दुसऱ्याला देऊ नका.