एकाच नावाची ब्रँच आणि टॅग: गिटमधल्या या चुका टाळा

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन. त्यात आमची 'रिलीज-२.०' नावाची ब्रँच, म्हणजे कामाची वेगळी शाखा, होती. रिलीज झाल्यावर कुणीतरी त्याच नावाचा टॅगही मारला, म्हणजे त्या क्षणाच्या कोडवर न हलणारी खूण केली. आठवड्याने मी ब्रँचवर एक बग दुरुस्त केला, कमिट केला (म्हणजे नोंदवला), मेन या मुख्य ब्रँचवर आलो आणि ती दुरुस्ती तिथे मिसळायला 'गिट मर्ज रिलीज-२.०' चालवलं. उत्तर: 'ऑलरेडी अप टू डेट'. दुरुस्ती मात्र मेनवर नाहीच! अर्धा तास स्वतःच्याच कमिटवर संशय घेत बसलो. उत्तराच्या वरच एक वॉर्निंग होती, 'रेफनेम इज अँबिग्युअस', म्हणजे हे रेफ (ब्रँच किंवा टॅगसारखं नाव) एकाहून जास्त ठिकाणी सापडतंय. ती मी वाचलीच नव्हती.

पहिली चूक हीच. ही वॉर्निंग देऊन गिट थांबत नाही, दोघांतलं एक उचलून पुढे जातं. लॉग, डिफ, मर्ज यांसाठी ते आधी 'रेफ्स/टॅग्ज'मध्ये शोधतं, मग 'रेफ्स/हेड्स'मध्ये (लोकल, म्हणजे आपल्या मशीनवरच्या ब्रँच), त्यानंतर 'रेफ्स/रिमोट्स'मध्ये (रिमोटवरच्या, म्हणजे सर्व्हरवरच्या ब्रँचच्या आपल्याकडच्या नोंदी). म्हणजे टॅग जिंकतो. ब्रँच बदलणाऱ्या चेकआउट आणि स्विच या कमांड मात्र ब्रँच धरतात. म्हणून काम केलं ब्रँचवर आणि मर्ज झाला जुना टॅग, जो मेनमध्ये आधीच होता.

शंका आली की 'गिट शो-रेफ रिलीज-२.०' चालवा, त्या नावाचे सगळे रेफ पूर्ण पाथसह दिसतात. तात्पुरता उपाय म्हणजे पूर्ण नाव देणं: 'गिट मर्ज रेफ्स/हेड्स/रिलीज-२.०'. पुश करताना (बदल रिमोटवर पाठवताना) 'मॅचेस मोर दॅन वन' असा एरर आला तरी हाच उपाय. तिथे गिट निदान अडतं तरी!

कायमचा उपाय नाव बदलण्याचा, पण ब्रँचचं. टॅग एव्हाना इतरांच्या क्लोनमध्ये (त्यांच्याकडच्या प्रतींमध्ये) पोचलेला असतो, त्याला हात लावू नका. रिमोटवरची जुनी ब्रँच उडवतानाही पूर्ण पाथच द्या.

दुसरी चूक जास्त फसवी: 'ओरिजिन/मेन' ही खरं तर रिमोटवरच्या मेनची नोंद, पण घाईत 'गिट ब्रँच ओरिजिन/मेन' टाइप होतं आणि त्याच नावाची लोकल ब्रँच तयार होते. वर दिलेल्या क्रमात हेड्स रिमोट्सच्या आधी येतं, त्यामुळे कितीही फेच केलं (रिमोटवरून ताज्या नोंदी आणल्या) तरी 'ओरिजिन/मेन'शी केलेला डिफ त्या गोठलेल्या लोकल ब्रँचशीच होतो. ती लोकल ब्रँच डिलीट करा, पण तेव्हा रिमोटचा फ्लॅग (कमांडला जोडायचा पर्याय) लावू नका. लावलात तर भलतीच, म्हणजे रिमोटची खरी नोंद, उडेल.

फाइल आणि ब्रँच दोन्हींचं नाव 'टेस्ट' असेल तर 'गिट लॉग टेस्ट' सरळ एरर देऊन थांबतं. नावानंतर सुटे दोन डॅश दिले की ब्रँच, नावाआधी दिले की फाइल.