जुन्या शिकारी रायफलीचा नेम सुधारताना

१९६४ पूर्वीची विंचेस्टर मॉडेल ७० ही अमेरिकी रायफल नेम चुकवू लागली, तर दोष नळीचाच असेल असे गृहीत धरू नये. रायफल रिकामी असल्याची खात्री करून आधी दुर्बिणीच्या माउंटचे स्क्रू तपासावेत. कित्येक तक्रारी तिथेच मिटतात. मग नळीत साठलेला तांब्याचा थर विद्रावकाने काढावा, मात्र सफाईचा गज चेंबरच्या (काडतूस बसते त्या) बाजूनेच घालावा, कारण नळीच्या तोंडाकडून घातलेला गज तिथली कडा झिजवतो आणि कडा बिघडली की बाहेर पडणारी गोळी ढळते.

खरी मेख लाकडी दस्त्यात असते. ओलाव्याने फुगलेला अक्रोडाचा दस्ता नळीला एका बाजूने रेटतो, नळी तापली की तो दाब बदलतो आणि गोळ्या सरकत जातात. नळीखालून कागदाची पट्टी सरकवावी, अडेल तिथे लाकूड बारीक घासावे आणि उघडे पडलेले लाकूड पुन्हा सील करावे. (संग्राहकांसाठी जपलेल्या मूळ नमुन्याला मात्र हात लावू नये.) या रायफलीच्या दस्त्याच्या पुढच्या भागात नळीला धरणारा एक स्क्रू असतो, तो दस्ता रायफलीला जोडणाऱ्या मुख्य स्क्रूंइतका करकचून आवळू नये. प्रत्येक बदलानंतर नळी थंड होऊ देत, १०० यार्डांवर तीन-तीन गोळ्यांचे गट झाडून पाहावेत.